लवूची पाठ

मिरकरवाड्याच्या बंदरावर लवूने एकतीस वर्षं बर्फाच्या लाद्या वाहिल्या. पाठीवर गोणपाट, त्यावर लादी आणि पायाखाली सदाची ओली जेटी. लाँचवाले त्याला नावाने कमी आणि "ए बर्फ" म्हणूनच जास्त हाक मारत. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते बोटांनी दगा दिला तेव्हा.

पन्नाशीनंतर बोटं आखडायला लागली. एकदा हातातला लादी धरायचा लोखंडी आकडा सुटला आणि लादी दुसऱ्या हमालाच्या पायाशी येऊन फुटली. त्या दिवशी लवूने स्वतःच काम सोडलं आणि पालीजवळच्या आपल्या वाडीत येऊन बसला. डॉक्टरांनी संधिवात सांगितला. गोळ्यांनी ठणका कमी व्हायचा, पण बोटं काही वळायची नाहीत. शर्टाची बटणं बायको, दमयंती, लावून द्यायची. ती लावत असताना हा भिंतीकडे बघायचा.

पौषात दमयंतीचा भाऊ भागोजी मंडणगडाकडून आला. तो म्हणाला, "दाजी, आमच्या दरीत गरम पाण्याचं कुंड हाय. आठ दिवस हात शेका. नाय फरक पडला तर परत या. हाय काय नि नाय काय!"

लवू गेला. दोन एस्ट्या बदलून आणि पुढे रिक्षाने. डोंगराच्या कुशीत भागोजीची वाडी, आणि तिथून खाली दरीत उतरणारी जांभ्या दगडांची पाखाडी. बासष्ट पायऱ्या. खाली दोन कुंडं होती. वरच्यातलं पाणी इतकं कढत की हात घालायची सोय नाही. तेच निवत निवत खालच्या कुंडात यायचं, तिथे माणसं बसायची. गंधकाचा वास आधी नाकात जायचा, मग सवयीने कळेनासा व्हायचा.

पहिल्या सकाळी लवूने मनगटापर्यंत हात बुडवले आणि डोळे मिटले. उभ्या जन्मात त्याचे हात इतके उबदार झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो खाली निघाला, तर पाखाडीच्या तोंडाशी एक गाडी उभी. गाडीशेजारी चाकांच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ, बाजूला त्यांचा मुलगा. मंडणगडच्या शाळेतून निवृत्त झालेले आप्पा गुरुजी. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडलेली. मुलगा उन्मेष त्यांना मोठ्या आशेने घेऊन आला होता, पण पायऱ्या बघून त्याचा धीरच खचला.

"घरी चल," आप्पा म्हणाले. "बघितलं लांबून. पुरे झालं."

लवू पुढे झाला. "मी नेतंय त्यांना. पाठीवरून."

"मी काय पोतं आहे?" आप्पा उखडले.

"पोतं नाय गुरुजी, लादी. पोतं आपटलं तरी चालतं. लादी जपून न्यावी लागते."

उन्मेषला हसू आवरेना. आप्पांनी आधी त्याच्याकडे रागाने पाहिलं, मग लवूच्या रुंद पाठीकडे. "पाडलंस तर छडी खाशील," ते म्हणाले.

बोटांत जोर नव्हता, पण ओझं पाठीचं होतं. भागोजीच्या घरून जुनं लुगडं आणून लवूने उन्मेषकडून आप्पांना झोळीसारखं पाठीशी बांधून घेतलं. शेवाळलेल्या पायरीवर पाऊल आडवं टाकायचं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. तरी मध्यावर एकदा टाच सरकली. लवू गुडघ्यात वाकून थांबला, तोल सावरला आणि पुन्हा निघाला. आप्पांनी डाव्या हाताने त्याची मान घट्ट धरली होती.

पाण्यात बसवल्यावर मात्र त्यांचा लुळा पाय आपसूक वर तरंगला. त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. "सहा महिने हा पाय ओढतोय मी," ते हळूच म्हणाले. "आज पहिल्यांदा हलका वाटला."

अंघोळ झाली. लवू पाठ फिरवून बटणांशी झटापट करत होता. एक लागेना. आप्पांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"इकडे ये. वाक जरा."

"ऱ्हाऊ दे गुरुजी."

"वाक म्हणतो ना."

एका हाताने आप्पांनी चारी बटणं लावली. वेळ लागला, तरी लवू हलला नाही. या वेळी त्याने मान वळवली नाही, आप्पांच्या बोटांकडे पाहत राहिला.

आठ दिवसांसाठी आलेला लवू होळी आली तरी तिथेच होता. रोज सकाळी सातला गाडी यायची. पाण्यात आप्पांचा उजवा पाय हळूहळू हलायला लागला. खाली जाताना आप्पा त्याला पेशव्यांच्या लढाया सांगायचे, वर येताना लवू त्यांना बंदरावरचे किस्से ऐकवायचा. सुरमईला भाव येतो त्या दिवशी जेटीवर कशी शिवीगाळ होते, हे ऐकून गुरुजी पोट धरून हसायचे. पुढे वाडीतल्या एका आजींनाही लवूने खाली नेलं, मग खेडहून आलेल्या एका बाईंना. कुंडावर येणारे आता भागोजीच्या घरी "लवूभाऊ आहेत का?" असं विचारत येऊ लागले.

दमयंतीने फोनवर विचारलं, "हातांचं काय?"

"दोन बोटं वळतायत. बाकीची हायत तशीच."

"मग येताव कधी?"

"तूच ये ना चार दिवस. पाणी बरं हाय."

शिमगा आटोपल्यावर ती आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाखाडीच्या वरच्या टोकाला उभी राहून बघत होती. शेवटच्या पायऱ्यांपाशी लवूने आप्पांना पाठीवरून उतरवलं आणि त्यांचा डावा हात कठड्यावर ठेवला. स्वतः तो त्यांच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी एक पायरी खाली झाला.

"घाई नाय गुरुजी."

आप्पांचं उजवं पाऊल थरथरत पुढे आलं, घासत घासत खालच्या पायरीवर टेकलं. मग डावं. दोन्ही पाय एका पायरीवर आल्यावर ते दम खात उभे राहिले.

"अजून एक?" लवूने विचारलं.

"अजून एक," आप्पा म्हणाले.