साक्ष देऊन बसलेली बहीण

माझी धाकटी बहीण शुगरनं गेली असं लोक म्हणतात. म्हणू देत. दवाखान्याच्या कागदावरही तसंच काहीतरी लिहिलंय. मला विचाराल तर ती एका अर्ध्या वचनानं गेली. हे मी रागानं बोलतेय आणि ते लपवत नाही. राग माझा लहानपणापासूनचा. आमचे पप्पा म्हणायचे, ही पोरगी प्रार्थनेतसुद्धा देवाशी भांडते.

पप्पा शाळामास्तर. रविवारी चर्चचे पाळक गावाला गेले असले की उपासना तेच चालवायचे. रोज संध्याकाळी घरात चटईवर प्रार्थना व्हायची आणि प्रत्येकानं एक वचन पाठ म्हणायचं. म्हणून झालं की पप्पांचा प्रश्न ठरलेला, "ह्याच्या वर काय आहे? ह्याच्या खाली काय आहे?" सांगता आलं नाही तर जेवायच्या आधी पवित्र शास्त्र उघडून वाचून दाखवायचं. आमटीचा वास सुटलाय, पोटात कावळे ओरडतायत आणि आम्ही पानं उलटतोय! मी धुसफुसायचे. धाकटी शांतपणे आपलं शोधायची आणि वर माझंही शोधून द्यायची. पुढं संडेस्कूलमध्ये कितीतरी वर्षं तिनं पोरांना हीच सवय लावली. शास्त्र माझ्यापेक्षा तिला जास्त येत होतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल, भोळी बाई होती, फसली. भोळी कसली? माझे कान पिरगळायची ती, मी थोरली असून.

तिचा नवरा चादरीच्या कारखान्यात होता. तो अचानक गेला. मूलबाळ नव्हतं. आमच्या चर्चची सगळी मंडळी आली, सांत्वन सभा झाली, पाळक पुनरुत्थानावर फार चांगलं बोलले. चहा झाला आणि सगळे घरी गेले. त्यांच्या शिकवणीत खोट काढायला जागा नव्हती, पण त्यानंतर तिच्या दारात कोणी आलं नाही. मी सोलापूरच्या दुसऱ्या टोकाला. दर आठवड्याला जायचे, पण बाकीच्या दिवसांत ती आणि भिंतीवरचं घड्याळ. मग शेजारची एक तेलुगू बाई तिला आपल्या प्रार्थनेला घेऊन गेली.

बंद पडलेल्या यंत्रमागांचा पत्र्याचा शेड होता तो. माग भंगारात गेले होते, फरशीवर तेलाचे डाग तेवढे राहिले होते. तिथं एक जण शिकवायचा, त्याला सगळे ब्रदर म्हणायचे. तिथल्या बायकांनी माझ्या बहिणीचा हात धरला. डबे आणले. ती रडली तर तिच्यासोबत रडल्या. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. ती माणसांची भुकेली होती, ताटात काय वाढलंय हे निरखून बघायच्या मनःस्थितीत नव्हती.

साक्ष द्यायची चाल आमच्याकडंही आहे. दुखण्यातून उठलेलं माणूस रविवारी उभं राहतं आणि देवानं कसं तारलं ते सांगतं. आधी बरं वाटतं, मग साक्ष. त्या शेडमध्ये उलटं होतं. ब्रदरची शिकवण अशी, की येशूनं वधस्तंभावर घाय म्हणजे जखमा सोसल्या तेव्हाच तुमचा रोग गेला. आता तुम्ही फक्त तोंडानं कबूल करायचं. दुखत असलं तरी उभं राहायचं, "मी बरी झाले" म्हणायचं आणि औषधं पुढच्या टेबलावर आणून ठेवायची. त्यानंतर गोळी घेतली तर तो अविश्वास. माझी बहीण इन्सुलिनवर होती, बरीच वर्षं. ती उभी राहिली, माझी शुगर गेली म्हणाली आणि बाटल्या आणि सुया टेबलावर ठेवून आली. बायका रडल्या, कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं.

मला कळलं ते तिचा फ्रीज उघडल्यावर. दारातला तो कप्पा रिकामा.

"तुझी सुई कुठंय?"

"दिली."

"कुणाला दिली?"

"प्रभूला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "प्रभूला काय शुगर झालीय?" असं मी म्हणाले. जिभेला हाड नाही माझ्या. ती हसली नाही. एरवी असल्या बोलण्यावर पदर तोंडाला लावून हसायची.

मी तिचंच शास्त्र तिच्यापुढं उघडलं. 'त्याच्या घायांनी तुम्ही बरे झालात' हे वचन काढलं, ज्यावर ब्रदरचा सगळा डोलारा उभा होता. "वाच, वर काय आहे?" वर पापांची गोष्ट होती, वधस्तंभावर त्यानं आपली पापं वाहिली ती. "आणि खाली?" खाली चुकलेल्या मेंढरांची, जी आता मेंढपाळाकडं परत आलीत. शुगरचा, गुडघ्याचा, मोतीबिंदूचा तिथं पत्ताच नव्हता. मग मी पौलाची पत्रं काढली. आपल्या एका सोबत्याला आजारी म्हणून तो वाटेतच ठेवून पुढं गेला, ते दाखवलं. दुसऱ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं, तेही दाखवलं. "प्रेषिताचा विश्वास कमी पडला होता का गं?"

"मला माहितीय ते, आक्का," ती म्हणाली. "मीच शिकवलंय पोरांना."

"मग?"

ती नखानं टेबलावरचं मेण खरवडायला लागली. मग म्हणाली, "मी साक्ष देऊन बसलेय. माझ्याकडं बघून तिथल्या किती बायका धीर धरून आहेत. संडेस्कूलच्या बाई बऱ्या झाल्या, म्हणतात. आता मी सुई घेतली तर देवाला खोटं पाडल्यासारखं होईल की. त्या कुठं जातील?"

तेव्हा मला कळलं की गाठ कुठं बसलीय. तिला कुणी वचनात हरवलं नव्हतं. ती स्वतःच्या शब्दाला बांधली गेली होती. पप्पांनी आम्हाला खोटं बोलायचं नाही हे इतकं शिकवलं होतं, की एकदा तोंडातून गेलेलं खोटं खरं करायला ती जीव लावून बसली. जीव म्हणजे खरोखरचा जीव, शब्द फिरवून बोलत नाही मी.

पुढच्या रविवारी मी तडक त्या शेडमध्ये गेले. सभा संपेपर्यंत कशीबशी बसले आणि ब्रदरला गाठलं. माणूस गोड बोलणारा, हे मान्य. म्हणाला, "आक्का, तुमच्या तोंडून वाईट शब्द निघतायत, त्यानं तुमच्या बहिणीचं नुकसान होतंय."

"तिला उद्या काही झालं तर?"

"पूर्ण विश्वास असला तर काही होणार नाही."

"आणि झालं तर?"

"तर विश्वास कमी पडला असं समजायचं."

बाई गं! म्हणजे बरी झाली तर ब्रदरचं खरं, मेली तरी ब्रदरचंच खरं. चूक निघाली तर ती आजारी माणसाचीच निघणार. माझा पारा चढला. "मग तुम्ही चष्मा का घालता ओ?" मी सगळ्यांसमोर विचारलं. एक-दोन बायकांना हसू आलं, त्यांनी ते गिळलं. ब्रदर नुसता हसला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला पुढं आला. मी हात झटकला. माझ्या बहिणीनं मला दंडाला धरून बाहेर आणलं, रिक्षात बसवलं आणि म्हणाली, "परत इथं येऊ नको." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लाज माझी वाटत होती का स्वतःची, देव जाणे.

नंतर ती फोन उचलेना. मी जायचे, दारात उभी राहायचे. दार उघडायची, चहा द्यायची, पण त्या विषयावर तोंडाला कुलूप. ती वाळत चालली होती. "देवानं वजन उतरवलं," असं शेडमधल्या बायका कौतुकानं म्हणायच्या. तांब्यावर तांबे पाणी प्यायची. उन्हाळ्याचं कोण पीत नाही, म्हणायची. आमच्या पाळकांना मी हातापाया पडून घेऊन गेले. ते आले, नीट बोलले, पण उठताना "प्रत्येकाचा आपापला विश्वास" असं काहीतरी पुटपुटले. मला इतका संताप आला की त्यांना रिक्षापर्यंत सोडायलाही गेले नाही. मेंढरू दरीच्या कडेला आहे आणि मेंढपाळ म्हणतो प्रत्येकाचं आपापलं कुरण!

मे महिन्यात एक दिवस ती स्वतःहून माझ्याकडं आली. खुशीत होती. "आक्का, एक सांगू? चपला बाहेर काढून आम्ही अंगणातल्या फरशीवर गाणी म्हणत उभ्या होतो. सगळ्या नाचायल्या चटक्यानं. मला काहीच भाजलं नाही. बघ, माझे पाय भाजतच नाहीत!"

सोलापूरचं मे महिन्याचं ऊन, त्यात उघडी फरशी, आणि हिला चटका लागत नाही. अगं, पाय मेलेत तुझे, असं मी ओरडले. तिनं कानावर हात ठेवले. तळवे बघते म्हणाले, तर साडीखाली पाय ओढून घेतले आणि तशीच उठून गेली. चटका न लागणं हा आजार असतो हे तिला ठाऊक होतं. आमच्या आईचंही शुगरनं तेच झालं होतं. पण शेडमध्ये त्या पायांवरून स्तुतीची गाणी झाली होती.

फोड आले होते तळव्याला. त्याची जखम झाली, ती तिनं मोज्यात लपवली. शेवटी त्या तेलुगू शेजारणीनंच मला फोन केला. "आक्का, लवकर या की. पायाला वास यायलाय, ताप लई हाय, बडबडायल्यात." ती बाई चोरून बोलत होती. साक्ष दिलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं नाही असं तिला बजावलेलं होतं. तरी तिनं फोन केला, तिचं देव भलं करो.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्यावरच आवाज चढवला. शिकल्यासवरल्या घरातलं माणूस इतके महिने इन्सुलिन सोडतं कसं, म्हणाले. मी काय सांगणार? पाय गुडघ्यावर कापावा लागला. तरी विष अंगभर पसरलेलं होतं. शेडमधलं कोणी आलं नाही. ज्यांनी तिचा हात धरला होता, डबे आणले होते, त्यातली ती शेजारीण सोडून एकही नाही. संडेस्कूलच्या बाईंजवळ संशयाचा आत्मा आहे, सध्या लांब राहा, असा निरोप फिरला होता म्हणे.

मला वाटलं होतं ती ब्रदरवर चिडेल. ती शुद्धीवर आली की एकच विचारायची. "माझाच विश्वास कमी पडला ना, आक्का? देव तोंड फिरवून बसलाय माझ्यावर." मी म्हणायचे, नाही गं, त्या माणसानं तुला खोटं शिकवलं. ती मान हलवायची. पाय गेला त्याचं तिनं एकदाही नाव काढलं नाही. जन्मभर ज्याच्यावर प्रेम केलं त्याच्याच दारातून आपल्याला हाकललंय, असं समजून ती मरायला लागली होती. मला झोंबत होतं ते हे. ती वाचणार नाही हे मला दिसत होतं. निदान अशी जाऊ नये, एवढंच मी मागत होते.

एका सकाळी डॉक्टर बघून गेल्यावर ती म्हणाली, "प्रार्थना कर की."

मी तिचा हात धरला आणि सुरू केलं. हिला शांती दे, हिला बळ दे, तुझी इच्छा पूर्ण होवो. सगळं बरोबर, शास्त्राला धरून. तिनं मध्येच थांबवलं. "बरी कर म्हण की, आक्का."

आणि माझी जीभ उचलेना. इतके महिने मी त्या शेडशी भांडत होते, की "बरी कर" हे दोन साधे शब्द मला त्यांचेच वाटायला लागले होते. लहानपणी एकमेकींच्या तापात आम्ही रोज म्हणायचो ते. मी धाय मोकलून रडले, वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या. मग म्हणाले, "प्रभू, माझ्या बहिणीला बरी कर. आणि नाही केलीस तरी ती तुझीच आहे."

तिनं डोळे उघडले. "काय म्हणालीस?"

"बरी कर म्हणाले."

"ते नाही. पुढचं."

"नाही केलीस तरी ती तुझीच आहे."

"असं चालतं?" तिनं विचारलं. संडेस्कूलच्या बाईंनी विचारलं हे मला! "तिथं हे म्हणू देत नव्हते गं. हे म्हटलं की संशय म्हणायचे. परत म्हण."

मी परत म्हटलं. ती परत म्हण म्हणाली. डोळे मिटून ऐकत राहिली, ओठ माझ्यासोबत हलत होते. कपाळावरची आठी हळूहळू गेली. दुपार व्हायच्या आत ती गेली.

शांतीनं गेली, असं सगळे मला सांगतात. गेली, मी बघितलं ना. पण माझं समाधान होत नाही आणि मी ते झाल्याचं नाटकही करणार नाही. 'नाही केलीस तरी तुझीच' हे एवढं वाक्य त्या शेडमध्ये तिला एकदा म्हणू दिलं असतं, तर देवाला खोटं पाडायची भीती तिला राहिली नसती. सकाळी उठून सुई टोचून घेतली असती आणि आज माझ्याशी भांडत बसली असती.