दिवस विकत घेणारे मामा

बेळगावात एकापेक्षा एक हिशेबी माणसं होऊन गेली, पण दिवस विकत घेणारा माणूस एकच झाला, आणि ते माझे मामा. राहायला टिळकवाडीत, नोकरी एका कंत्राटदाराकडे सुपरवायझरची. ऐंशी सालाच्या आसपास मालकानं त्यांना आठवडाभर बंगलोरला शिकायला धाडलं. तिथे म्हणे मोठमोठ्या इंजिनियरांकडून कागदावर पूल बांधायचा खेळ खेळवून घेतला. मामा तो खेळ डोक्यात घेऊनच परतले, आणि पुढं तो कधी उतरला नाही.

आल्या आल्या त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आखले आणि मामीच्या डब्यातले चिंचोके पैसे म्हणून वाटले. पुलाऐवजी घर बांधायचं. पाया, भिंती, छप्पर, रंग, प्रत्येक कामाला ठरलेले दिवस. जादा चिंचोके मोजले तर काम लवकर उरकायचं. घर मुदतीपुढे गेलं की दंड. मध्येच चिठ्ठी उचलायची, त्यात लिहिलेलं असे, 'गवंडी काकतीच्या जत्रेला गेला, तीन दिवस खाडा.' मी तेव्हा कॉलेजात होतो, अंगात रग होती. पहिल्याच डावात सगळ्या कामांवर चिंचोके उधळले आणि छपराआधीच कफल्लक झालो. मामा पोट धरून हसले. "अरं, रंगारी चार दिस आधी आला म्हणून भिंत उभी ऱ्हाती व्हय? ज्याच्यापायी बाकीचे अडल्यात त्याला तेवढं पळव. बाकीच्यांस्नी झोपू दे की!"

हे तत्त्व त्यांनी घरादाराला लावलं. एकदा मामीला म्हणाले, आधी डाळ चढव, मग कणीक मळ. मामी भाजी चिरता चिरता म्हणाली, "व्हय की! पंचवीस वर्सं मी चपात्या जेवणं झाल्यावर लाटत होते न्हवं?" दुसऱ्या दिवशी मामांचं पुन्हा तेच.

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, आमच्या आक्काचं, लग्न निपाणीला ठरलं. जावई फौजेत. लग्न दिवाळीनंतर व्हायचं, पण त्याची रजा एकाएकी आधी मंजूर झाली आणि हातात उरले नऊ दिवस. ते हुकले की पुढची रजा वर्षानं. आक्कानं रडून डोळे सुजवले, मामी देव पाण्यात घालून बसली, घरातली माणसं नुसती इकडून तिकडं धावू लागली. मामांनी शांतपणे भिंतीला सगळ्या कामांचा कागद डकवला आणि एका कामावर बोट ठेवलं, "सगळं हितं अडलंय. जोतिबापाशी." आमच्याकडे पहिली पत्रिका जोतिबापुढं ठेवल्याशिवाय दुसऱ्या कुणाला तोंडीसुद्धा बोलवत नाहीत, आणि छापखाना तर चार दिवस मागत होता. मामांनी जादा पैसे मोजून त्याच दुपारी एक, फक्त एकच पत्रिका छापून घेतली आणि मला टॅक्सीत घालून डोंगरावर पिटाळलं. दुसऱ्या दिवशी त्यांची सायकल आवतणं देत गावभर फिरत होती. टॅक्सीचं भाडं भागवायला त्यांनी बँड रद्द केला. पाहुणे कुरकुरले. "बँडवाचून कुणाचं लगीन अडल्यालं मी तरी बघितलं न्हाई," मामा एवढंच म्हणाले.

नवव्या दिवशी अक्षता वेळेवर पडल्या, पंगती वेळेवर उठल्या आणि बरोबर चारला वऱ्हाडाची बस दारात लागली. भिंतीवरच्या कागदात पाठवणीला पाच मिनिटं दिली होती. आक्का मामीच्या गळ्यात पडली. मामा घड्याळाकडे बघत उभे होते. पाच मिनिटं झाली, सात झाली. मग ते ड्रायव्हरकडे गेले.

"थांबायचं तर जादा पडतील, आप्पा," ड्रायव्हर म्हणाला.

किती ते न विचारताच मामांनी खिशातल्या नोटा त्याच्या हातात कोंबल्या. "पडू देत. अर्धा तास थांब."

काम लांबावं म्हणून पैसे देताना मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्या अर्ध्या तासात ते नुसते आक्काचा हात धरून ओट्यावर बसून राहिले. साडेचारला त्यांनी स्वतःच उठून तिला बसमध्ये बसवलं.

आज मामा नाहीत. मला अजून वाटतं, त्यांनी निदान तासाभराचे तरी पैसे द्यायला हवे होते.