आबांनी साहेबाच्या क्लबात झील धरली

मी गाव सोडलं त्या सकाळी आबा काट्याच्या कुंपणाशी माझ्याकडं पाठ करून बसले होते. आबा म्हणजे माझे वडील. कुंपणाच्या आत एकही मेंढरू नव्हतं. रोग पडला आणि बघता बघता अख्खा कळप आडवा झाला. मी म्हणालो, "आबा, चलतू मी सोलापूरला." ते कुंपणाचे काटे सारखे करत राहिले. आईच वेशीपर्यंत आली. म्हणाली, "त्यांचं मनावर घिऊ नगंस. त्यांचा गळाच बसलाय मेंढरांमागं." आबा आम्हा धनगरांच्या बिरोबाच्या ओव्या सांगणारे. माळावर त्यांनी ओवी उचलली की शेजारच्या वस्तीवरची माणसं हातातली भाकरी तशीच घेऊन पळत यायची. कळप गेला आणि आबांनी ओवी सोडली. ढोल आढ्याला टांगला तो टांगलाच.

गावाकडच्या माझ्या भावंडांनो, आणि माझ्यासारखंच बोचकं उचलून कुठं कुठं गेलेल्या सोबत्यांनो, तुम्ही मला नेहमी विचारता, की बिरू, तुला ह्या परक्या गाण्याचं खूळ कुठनं लागलं? आज सांगूनच टाकतो.

वेळापूरच्या अलीकडचं आपलं गाव, आणि सोलापूर म्हणजे मला विलायतच. तीस सालचा इंग्रजांचा मार्शल लॉ उठून थोडेच दिवस झाले होते. खोली मिळाली ती तेलुगू विणकराच्या घरात. माणसं जिवाला जीव देणारी, पण घरात तेलुगू आणि गल्लीत दखनी उर्दू. मी आपला मान हलवायचो. माळावर दिवसभर मेंढरांशी बडबडणारा मी, सोलापुरात माझी जीभ गंजायची वेळ आली. गिरणीत जागा नव्हती, म्हणून सात रस्त्याच्या पुढं गोऱ्या साहेबांचा एक क्लब होता तिथं लागलो. गालिचे झटकायचे, खुर्च्या मांडायच्या, आणि दुपारी चहाच्या वेळी ग्रामोफोनला चावी द्यायची.

पहिले काही दिवस तो ग्रामोफोन मला डोकेदुखी वाटला. पिपाण्या नि थाळ्यांचा गोंधळ सगळा! मग एके दुपारी कुणीतरी मुंबईहून आणलेली तबकडी लावली आणि त्यातनं एक बाई गायला लागली. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता. पण आवाज असा, की मी खुर्ची हातात धरून तसाच उभा. बाईनं एक ओळ म्हटली आणि थांबली. ती थांबली रे थांबली की मागनं तुतारीसारख्या एका कर्ण्यानं तिचंच शेपूट उचललं. पुन्हा तिची ओळ, पुन्हा कर्ण्याचं उत्तर. माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "च्यायला, ही तर झील!"

नव्या पोरांना सांगायला हवं. आपल्यात ओवी सांगणारा एक ओळ सांगतो आणि मागचे गडी तिचा शेवट उचलून धरतात, ती झील. ओळ वाऱ्यावर सोडायची नसते. सांगणाऱ्याचा तो घोर अपमान, आणि देवाचाही. सात समुद्रांपलीकडं ही रीत पाळणारी माणसं आहेत हे बघून माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गाव सोडल्यापासून पहिल्यांदा.

क्लबाचा आचारी मिंगेल गोव्याचा, स्वतः व्हायोलिन वाजवायचा. तो म्हणाला, "अरे बिरू, हे अमेरिकेतले काळे लोक. ह्यांचे आजे-पणजे गुलाम होते. कापूस वेचता वेचता गायचे." त्या दिवसापासून मी पुरता वाया गेलो. सुई बदलायचं निमित्त काढून मी ग्रामोफोनशीच घोटाळायचो. एक कर्णेवाला होता, तो मध्येच कर्णा खाली ठेवून गायचा. आवाज असा खरखरीत, जसा घोंगडीवरनं हात फिरवावा. पण त्या आवाजात इतकं हसू, की ऐकणाऱ्यानं कितीही तोंड पाडलेलं असो, ते वर आलंच पाहिजे. एक पियानोवाला डाव्या हातानं चालायचा आणि उजव्या हातानं खोड्या काढायचा. आणि ती बाई! दुःख सांगायची, पण दया मागायची नाही. आमची आई पण तशीच. ह्या माणसांची नावं मला धड उच्चारता यायची नाहीत, पण ती माझ्याशी बोलायची. संध्याकाळी खोलीवर मी एकटा नसायचो.

दीडेक वर्षानं आबा अचानक सोलापुरात उभे. अंगावर घोंगडी, हातात काठी. आल्या आल्या म्हणाले, "चल माघारी. मामानं चार मेंढ्या दिल्यात. हितं तुझं हाय कोन?" पाणीसुद्धा घेतलं नाही. बापाचा शब्द मोडायची आपल्यात रीत नाही, आणि त्या आवाजांना सोडून तर जायचं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "आबा, उद्या सकाळी निघू. आज दुपारी लई मोठं काम हाय क्लबात."

काम मोठंच होतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा एक बँड मुंबईहून हैदराबादला निघाला होता, आणि साहेबांनी त्यांना एका दुपारपुरतं सोलापुरात उतरवून घेतलं होतं. आबांना मी मागच्या व्हरांड्यात, मुदपाकखान्याच्या दाराशी बसवलं. बजावलं, "हालू नका, बोलू नका. माजी नोकरी जाईल."

बँड सुरू झाला. तबकडीतली माणसं हाडामांसाची होऊन समोर उभी होती. पांढरे कोट, कपाळावर घाम. मग बाकीचे सगळे गप्प झाले आणि कर्णेवाल्यानं एकट्यानं एक ओळ काढली. लांबलचक, माळावरच्या हाकेसारखी. ओळ संपली. मागचं कुणी काही वाजवेना. ती त्यांच्या बंदिशीतलीच रिकामी जागा होती, हे मला मागाहून कळलं. आबांना कुठलं कळायला? त्यांच्या लेखी गाणारा उघड्यावर पडला होता आणि एकही गडी झील धरत नव्हता.

व्हरांड्यातनं आबांनी झील धरली. कानावर हात ठेवून, पूर्ण गळ्यानं. कळप गेल्यापासून जो आवाज आम्ही ऐकला नव्हता, तो साहेबांच्या क्लबात घुमला.

सगळा हॉल माना वळवून बघायला लागला. सेक्रेटरी साहेब लालबुंद होऊन माझ्याकडं धावला. मी मनात म्हटलं, संपलं. तेवढ्यात त्या कर्णेवाल्यानं हात वर केला, व्हरांड्याकडं तोंड केलं आणि तीच ओळ पुन्हा वाजवली. आबांनी पुन्हा धरली. त्यानं ओळ जरा वळवली, आबांनीही वळवली. म्हातारा काही हटेना, आणि तो गडीही! शेवटी ढोलवाला हसत हसत मध्ये पडला आणि सगळा बँड सुटला. मडमा टाळ्या वाजवायला लागल्यावर साहेब काय करणार? मला काढलं नाही, पण पुढं कित्येक दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

मग कर्णेवाला पाणी प्यायला मागं आला. आबांनी मिंगेलला म्हटलं, "इचार त्याला, मेंढरं हाईत का?" कर्णेवाला खो खो हसला. म्हणाला, आजाकडं एक खेचर होतं, तेही मालकाचं. आबांनी मान डोलावली. "म्हंजे आपल्यातलाच की!" कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली आणि चिमूटभर त्याच्या कपाळाला लावला. त्यानं मान वाकवून लावून घेतला.

सकाळी मी गाठोडं बांधून सात रस्त्यावर हजर. गाडीवान बैल जुंपत होता. आबा म्हणाले, "हे कशाला?"

"तुमीच म्हनला की, चल म्हनून."

"म्हनलो हुतो. मला वाटलं, पोरगं परक्या मुलखात एकलंच पडलंय." मग गाडीत चढून बसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ऱ्हा तू हितं. तुजी मानसं लई चांगली हाईत."

त्या साली बिरोबाच्या जत्रेत आबांनी रात्रभर ओवी सांगितली, असं आईनं मला सांगितलं. आता आबा नाहीत. मला घर कुठलं विचाराल, तर गाव आहेच, सोलापूरही आहे. पण ती बाई, तो खरखरीत गळ्याचा गडी, आणि एका दुपारी आलेला तो कर्णेवाला, ह्यांचे उपकार मी कुठं फेडू? त्यांतल्या कुणाला माझं नावही ठाऊक नाही, आणि माझा बाप मला त्यांच्याच भरवशावर ठेवून गेला.