खिशातील गोड पाव

लायमन क्लेवेल यांना तक्रारीचे व्यसन नव्हते. तक्रारीच त्यांचा पत्ता शोधीत येत. पेनसिल्व्हेनियातील आपल्या गावच्या मोराव्हियन चर्चच्या समितीला त्यांनी एकतीस वर्षे पाठविलेली पत्रे शुद्धलेखनात निर्दोष आणि परिणामात निष्फळ होती. डिसेंबरात चर्च बर्फासारखे गार असते, ही पहिली तक्रार. प्रीतिभोजनाच्या उपासनेत वाद्यवृंद वाजत असतानाच गोड पाव आणि दुधाळ कॉफी वाटतात, ही दुसरी. पाव खाऊन ट्रम्पेट वाजविणे म्हणजे तोंडात पीठ धरून शंख फुंकणे! पण पाव नाकारणे म्हणजे बंधुभाव नाकारणे. म्हणून लायमन तो दरवर्षी गुपचूप डाव्या खिशात टाकीत.

तिसरी तक्रार शेजारच्या खुर्चीवर बसे. पोस्टातून निवृत्त झालेल्या ओटिलीबाई दुय्यम ट्रम्पेट वाजवीत, तेही रुंद माउथपीस, म्हणजे फुंकायचे सुटे तोंड, लावून. लायमन त्याला परात म्हणत. गेल्या वर्षी खुद्द लायमन यांचा एकल तुकडा वरच्या सुरावर तडकला होता. यंदाही तडकला तर तो ओटिलीबाईंकडे जाईल, असे वाद्यवृंदाच्या संचालकांनी अत्यंत गोड शब्दांत कळविले होते.

यंदाच्या उपासनेत तुकड्यापूर्वी एकशे बारा आवर्तने गप्प बसायचे होते. माउथपीस गार पडू नये म्हणून लायमननी तो काढून उजव्या खिशात ठेवला आणि मोजणी धरली. साठाव्या आवर्तनाला पाव आला. डाव्या खिशात पावांविरुद्धचे नवे पत्र होते, सुवाच्य, चार पानी. ते चुरगळणे शक्यच नव्हते. पाव उजवीकडे गेला.

एकशे पाचव्याला त्यांनी खिशातून माउथपीस काढला. भोकात पावाचा लगदा घट्ट बसला होता. फुंकला, झटकला, ढिम्म हलेना. काडी शोधायला सात आवर्तने पुरणार नव्हती.

ओटिलीबाईंनी शालीखालची मूठ उघडली. “घे. परात घे.”

“मला याची सवय नाही हो,” लायमन कुजबुजले.

“मग हळू फुंक. इतकी वर्षं तेच तर सांगतेय तुला.”

माउथपीस तव्यावरून उतरल्यासारखा ऊबदार होता. परक्या वस्तूला जपावे तसे लायमननी त्यात अगदी जपून फुंकले. सूर उंच चढला, तुळयांपाशी क्षणभर थांबला आणि न तडकता खाली आला. कॉफीचा एक पेलाही वाजला नाही. संचालकांनी छातीवर हात ठेवून मान लवविली. तुकडा लायमनकडेच राहिला.

उपासना संपल्यावर त्यांनी माउथपीस पुसून परत केला. “जरा रुंदच आहे,” ते म्हणाले.

“आणि तोंडं अरुंद,” ओटिलीबाई म्हणाल्या. “तो पाव खाणार आहेस की पुरणार आहेस?”

लायमननी डाव्या खिशातील पत्र काढून मांडीवर पसरले, त्यावर पाव ठेवला आणि मधोमध मोडला. पाव उत्कृष्ट होता. आता समितीला काय लिहावे, हा नवाच पेच पडला.