कोल्ड रूमची किल्ली

हॉटेलच्या परचेस मॅनेजरने ट्रेमधली एक स्ट्रॉबेरी उचलली आणि परत ठेवली. "मॅडम, इसको रेड बोलते हैं?"

फळं काळपट पडली होती. लॉट परत आला.

गुडगावात तेव्हा शेतांमधून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आमचं कोल्ड स्टोरेजही नवंकोरं. मी तिथे फूड टेक्नॉलॉजिस्ट. माल यायचा महाबळेश्वरच्या बाजूने, म्हणजे माझ्या घराकडून. मार्च लागला होता. आई फोनवर म्हणायची, "स्ट्रॉबेरीचे वाफे संपत आलेत गं. यंदा तरी येतेस का?" मालक चड्ढाजींनी शब्द दिला होता: हॉटेलने माल पास केला की सुट्टी.

आता ते म्हणाले, "थोडा कलर स्प्रे कर दो."

"खानेवालों को ठगना है, तो पहले मेरा इस्तीफा लीजिए."

"अरे बेटा, भाषण नहीं! अगला लॉट लाल रखके दिखाओ."

तापमान तपासलं. शून्याच्या जवळ, बरोबर. फळं न धुता ठेवलेली, तेही बरोबर. मग दाराशीच उभी राहिले. दुपारी चड्ढाजी पाहुण्यांना घेऊन आले. कोल्ड रूम म्हणजे त्यांची शान. बँकवाले, व्याही, शेजारचे प्लॉटवाले, सगळ्यांसाठी दार सताड उघडायचे. "आइए जी, शिमला है शिमला!"

बाहेरची गरम हवा आत शिरली की गार फळावर पाणी धरतं. आम्ही त्याला स्वेटिंग म्हणतो. फळ मऊ पडतं, चमक जाते, लाल रंग काळवंडतो. एकदा काळवंडला की परत येत नाही.

नवा लॉट आल्यावर मी कुलूप लावलं. किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली.

"बेटा, समधी आए हैं. दो मिनट!"

"शिमला बंद है, सर."

चड्ढाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण फळं लाल राहिली आणि हॉटेलने लॉट घेतला. मी सुट्टीचा अर्ज पुढे केला.

चड्ढाजींनी हात जोडले. "तुम गई तो दरवाज़ा मैं ही खोल दूँगा. मैं अपने को जानता हूँ."

वाफे त्या वर्षी माझ्याशिवायच संपले. शेवटच्या ट्रेमध्ये एका देठाला आमच्याकडची तांबडी माती लागलेली होती. तो ट्रे मी जरा जास्तच वेळ तपासला.

आता कामावर येणाऱ्या नव्या मुलामुलींना एवढंच सांगते: किल्ली हातात घेण्याआधी सुट्टी लेखी घ्या.