दुसऱ्या मजल्यावरचा समुद्र

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सुमती असती तर तिला सांगितलं असतं. पण ती असती तर हे घडलंच नसतं, असं म्हणायचा मोह होतो – आणि लबाडी नेमकी तिथंच सुरू होते. तेव्हा ते वाक्य मागे घेतो.

मला लोक खवचट म्हणतात. खोटं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं. समोर पुस्तकं आणि आजूबाजूला उद्घाटनं, सत्कार, शाली, नारळ. या सगळ्यावर मी इतकं बोललो, की माझा सत्कार करायची कोणाची छाती झाली नाही. फुगा दिसला की टोचायची टाचणी मी खिशात घेऊनच हिंडत असे. ती एकदा कुठं टोचली, ते सांगायचं आहे. की आधी समुद्राबद्दल सांगू? समुद्राबद्दल सांगतो. ते सोपं आहे.

कलर टीव्ही नुकते दिसायला लागले होते, त्या सुमाराची गोष्ट. गंगापूर रोडच्या बाजूला आमची तीन मजली सोसायटी. मी पहिल्या मजल्यावर, आणि बरोबर माझ्या डोक्यावर भालेराव. ते पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणांचे नकाशे काढायचे, म्हणजे दिवसभर पाणी अडवायचे. घरी आल्यावर त्यांना पाणी भरून ठेवावंसं का वाटलं, हे कोडं मला सुटलं नाही. त्यातही खारं पाणी. नाशकात! ज्या गावात गोदावरीला गंगा म्हणतात आणि तिचं पाणी तांब्याच्या गडूत सीलबंद करून लोक घरी नेतात, त्या गावात हा माणूस उलट बाहेरून पाणी आणायला निघाला.

ते पुस्तक शोधत ग्रंथालयात आले, तिथून आमची ओळख वाढली. समुद्री माशांवर आमच्याकडे एकच जुनं इंग्रजी पुस्तक होतं. कोणीच न नेल्यामुळे नवंकोरं. ते वाचूनसुद्धा त्यांनी पहिल्यांदा नळाच्या पाण्यात खडेमीठ विरघळवलं. मासे दुपारपर्यंतही टिकले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "मीठ तर बरोबर झालं होतं हो, फोडणीच राहिली." भालेराव दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

मग त्यांनी रफिकभाईला गाठलं. रफिकभाईचा ट्रक भाजी घेऊन मुंबईला जाई आणि रिकामा परत येई. अर्नाळ्याच्या बाजूला त्याची सासुरवाडी होती. तिकडची वाट वाकडी करायला त्याला निमित्तच हवं असायचं. तो प्लॅस्टिकचे कॅन भरून समुद्र आणू लागला. जकात नाक्यावरचा कारकून काही केल्या मानेना – एवढे कॅन, आणि नुसतं पाणी? त्यानं बोट बुडवलं, जिभेला लावलं, थू थू केलं आणि म्हणाला, "जाऊ द्या याला. वेडा दिसतो."

रफिकभाई जिन्यातून कॅन चढवताना ओरडायचा, "भालेरावसाब, लोग बंबईसे क्या क्या लाते हैं, और आप मेरेसे पसीना मंगवाते हो!"

टाकी बांधायला बरेच महिने गेले. लोखंडी चौकट गंजली, मग सागवानी केली. भिंतीच्या जवळ, खाली बीम आहे तिथंच ती ठेवली, आणि वजनाचं गणित भालेरावांनी मला दोनदा समजावून सांगितलं. मला ते दोन्ही वेळा कळलं नाही, पण मी मान हलवली. तळाला शिंपल्यांचा चुरा. कोपऱ्यात हवेचा पंप. आणि एक दिवस खडकांतून पकडलेले पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे आले, शंखात राहणारा एक खेकडा आला, आणि समुद्रफूल – दगडाला चिकटलेलं, फूल नसलेलं फूल, जे माझ्याकडे बघून मिटलं.

वीज गेली की पंप थांबायचा. मग सायकलचा पंप घेऊन आम्ही पाळीपाळीनं हवा मारायचो. वहिनी, भालेराव, मी. मी! आयुष्यात वजनदार असं काही ग्रंथालयातल्या शब्दकोशापलीकडे न उचललेला माणूस, घामाघूम होऊन माशांना श्वास देत होतो.

सुमती जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. संध्याकाळ हा प्रकार माझ्याच्यानं सोसवत नसे. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, आणि मग? भालेरावांनी कधी सहानुभूतीचा एक शब्द उच्चारला नाही. टाकीसमोर एक खुर्ची ठेवली, तिच्यावर दुसऱ्या कोणाला बसू दिलं नाही, एवढंच. मी रोज जाऊन बसायचो. तिथं मला काही खवचट सुचायचं नाही. खेकडा शंख बदलताना पाहिलाय तुम्ही? जुन्या घरातून नव्या घरात जाताना मध्ये एक क्षण तो अगदी उघडा असतो. मी श्वास रोखून बघायचो.

वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, मासे ओळखायला लागले तुम्हाला."

"मासे कोणालाच ओळखत नाहीत वहिनी, म्हणून तर येतो."

"मग ताट कोणासाठी वाढू? माशांसाठी?"

वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, ठेचा. कधी तिथंच जेवायचो, कधी वहिनी ताट खाली पाठवायच्या. त्या दिवसांत मी जगलो तो त्या खुर्चीवर आणि त्या ताटावर. हे ऋण वगैरे म्हणत नाही. तो शब्द सत्कारांत वापरून बोथट झालाय. जगलो, एवढंच.

आता एक बारीक गोष्ट. रिकामं ताट परत द्यायला मी जिन्यात कोणी नसताना जायचो. मुद्दाम? तेव्हा विचारलं असतंत तर मी चिडलो असतो. सोसायटीत बौद्ध घर ते एकच. तसं कोणी बोलून दाखवत नसे. आम्ही सगळे सुशिक्षित होतो ना. फक्त सत्यनारायणाचा प्रसाद त्यांच्याकडे पाठवायचा कसा बरं राहून जायचा, दरवर्षी. मी त्यावरही मनातल्या मनात विनोद केले आहेत. मनातल्या मनात.

मग माझ्या हॉलच्या भिंतीवर, वर छताजवळ, ओल आली. डाग पसरला, थेंब गळू लागले, गिलाव्यावर पांढरा थर आला. चेअरमन बघायला आले. निवृत्त मामलेदार, दारावरच्या पाटीवर नावापेक्षा 'निवृत्त' मोठं. त्यांनी बॅटरी मारली, चावीनं पांढरं खरवडलं, तळहातावर घेतलं आणि पंचनामा केल्यासारखं जाहीर केलं, "मीठ! वरचा समुद्र पाझरतोय, बर्वे. उद्या स्लॅब खाली येईल. मीटिंग बोलावतो."

जुन्या भिंतीला लोणा लागतो, हे नाशकातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी ते बोललो का? नाही. मीटिंग उद्यावर होती. चेअरमन गेल्यावर मला नाक्यावरचा तो कारकून आठवला. स्टुलावर चढलो, गळणारा थेंब बोटावर धरला, जिभेला लावला.

गोडं होतं. चुन्याची किंचित चव, बाकी नळाचं पाणी. मिठाचा कणही नाही. मी पुन्हा चाखलं. गोडं. म्हणजे गळत होता तो भिंतीतला नळ, गच्चीवरच्या टाकीतून येणारा. सोसायटीचाच.

तेव्हाच वर जाऊन सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. मी ठरवलं, मीटिंगमध्येच सांगतो. मामलेदारांचं तोंड बघण्यासारखं होईल. बघा – तिथंही मला टाचणीच दिसत होती.

मीटिंग चेअरमनांच्या हॉलमध्ये. नवा टीव्ही भरतकामाच्या कापडाखाली. सगळे आपापली मतं घेऊन आलेले. भालेरावांनी बीमचं गणित सांगितलं. त्यांच्या नकाशांवर धरणं उभी होती, पण इथं कोणी ऐकेना. मग ते उठले. सकाळी माझ्याकडून त्यांनी काचेच्या ग्लासात गळणारं पाणी धरून नेलं होतं. तो ग्लास त्यांनी टीपॉयवर ठेवला.

"वाद कशाला, साहेब? मी चाखलंय, गोडं आहे. पण माझ्या शब्दावर नको. तुम्ही कोणीही चाखा. खारं लागलं तर टाकी मी माझ्या हातानं फोडतो."

ग्लास तिथंच राहिला.

कोणी रुमाल काढला, कोणी पंख्याकडे पाहिलं. कोणाचा हात पुढं होईना. का होत नव्हता, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि भालेरावांनाही कळलं. त्यांच्या घरातल्या ग्लासातलं पाणी जिभेवर घ्यायचं होतं.

चेअरमन हसले. "बर्वे, भिंत तुमची. तुम्हीच सांगा काय ते."

ग्लास माझ्यापासून हातभर अंतरावर. 'काल चाखलंय, गोडं आहे' – एवढंच म्हणायचं होतं. किंवा तेही नको. नुसता उचलून प्यायचा. रोज त्यांच्याकडे जेवणारा माणूस मी! पण ते या लोकांना माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी मला कळलं की ते त्यांना माहीत नसावं अशी मी किती काळजी घेतली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी – जन्मभर मोठ्या माणसांना टोचत आलेला मी – म्हणालो:

"आमची गंगेच्या तीर्थापुरतीच पात्रता हो. समुद्राचं तीर्थ आम्हाला पचायचं नाही."

काय हशा पिकला! चेअरमननी मांडीवर थाप मारली. त्या हशातच टाकी काढायचा ठराव पास झाला. माझ्या कोटीला इतकी दाद आधी कधी मिळाली नव्हती.

भालेरावांनी ग्लास उचलला. सगळ्यांसमोर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, टीपॉयवर पालथा ठेवला आणि चप्पल घालून गेले.

टाकी रिकामी करायला मी मदत केली. हो, गेलो. बादल्या उचलल्या. रफिकभाई मासे घेऊन गेला, म्हणाला, "सासुरवाडीला सोडतो, तिथं कोणी मीटिंग घेत नाही." खेकडा शंखातून बाहेर यायला तयार नव्हता. त्या संध्याकाळीही माझं ताट खाली आलं. पिठलं होतं. मी जेवलो.

भिंत गळतच राहिली. शेवटी प्लंबरनं ती फोडली तेव्हा सोसायटीचा गंजलेला पाइप सापडला. चेअरमननी तो बदलून घेतला आणि पुढच्या मीटिंगमध्ये गच्चीवर वाळवण घालण्याचा विषय काढला. माफी कोणी मागितली नाही. मीही नाही.

काही वर्षांनी भालेरावांनी नाशिकरोडच्या बाजूला स्वतःचं घर बांधलं. बैठं. हॉलमध्ये पहिल्याच्या दुप्पट टाकी. मला न्यायला स्वतः स्कूटर घेऊन आले. दारातच म्हणाले, "खाली कोणी राहत नाही, बर्वे. आता खुशाल गळू दे." टाकीसमोर खुर्ची होती. माझी. तीच, जुनी, सामानाबरोबर नेली होती त्यांनी. दर रविवारी मी तिथं जाऊन बसतो. वहिनी अजून विचारतात, ताट कोणासाठी वाढू. माझं म्हातारपण मला कोणी दिलं असेल तर या दोघांनी.

एकदाच तो विषय निघाला. नव्या माशांना खाणं घालता घालता, माझ्याकडे न बघता, भालेराव म्हणाले, "त्या मीटिंगचं मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला तरी काय ठाऊक असणार? तुम्ही थोडंच चाखलं होतं."

ते मला मोकळं करत होते. जे त्यांना माहीत होतं, तेवढ्यासाठी. मी मान हलवली – बीमच्या गणिताला हलवली होती, तशीच.

मी चाखलं होतं. आदल्या दिवशी, स्टुलावर चढून, दोनदा. गोडं होतं.