अंबोसेलीत अव्वांचा हत्ती

“कुटं हाय हत्ती? मला तर नुसतं काळं दिसतंय,” अव्वा म्हणाल्या.

केनियातल्या अंबोसेलीत आमची शेवटची गेम ड्राइव्ह चालू होती. गेम ड्राइव्ह म्हणजे जनावरं बघायची जीपमधली फेरी. मी सोलापूरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर. जीपमध्ये लिंगायत भुसार व्यापारी आप्पा, त्यांच्या पत्नी अव्वा, दोन मुलगे, दोन सुना. अव्वांची नजर अधू, जवळचं तेवढं दिसायचं. एकदा हत्ती डोळे भरून बघायचा, एवढ्यासाठीच त्या आल्या होत्या.

मी ड्रायव्हर जोसेफला म्हटलं, “थोडं जवळ घे ना.”

“ऑफ-रोड नॉट अलाउड, मॅडम.” म्हणजे रस्ता सोडून रानात गाडी घालायला बंदी. “दे विल कम. बट युअर पीपल आर व्हेरी लाउड.”

खोटं नव्हतं. आदल्या दिवशीही एक कळप येता येता दुसरीकडे वळला होता. आमच्या जीपमध्ये निम्मे मराठीत बोलायचे, निम्मे कानडीत, आणि सगळे एकदमच. मी हात जोडले, चिडले, शेवटी तोंडं बंद राहावीत म्हणून चॉकलेटं वाटली. मग कागदांचा आवाज सुरू झाला.

तेवढ्यात कळप आमच्या रस्त्याकडे निघाला. धाकटा ओरडला, “आला, आला!” पुढची हत्तीण जागच्या जागी थांबली, कान पसरून. माझं डोकंच सटकलं.

“आप्पा, सकाळी तुम्ही लिंगपूजेला बसता तेव्हा घरात कोण बोलतं?”

“कुणाची हिंमत हाय?”

“मग आत्ता बसा.”

आप्पांनी एकदा अव्वांकडं बघितलं. चपला काढून सीटवर मांडी घातली, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि नजर त्यावर लावली. जीप इतकी गप्प झाली की जोसेफनं मागं वळून बघितलं.

हत्तीण निघाली. सगळा कळप जीपला खेटून गेला, आणि ती अव्वांच्या खिडकीशी क्षणभर थांबली. अव्वांच्या गालावर पाणी ओघळत होतं. मीही रडले, चक्क आनंदानं.

कळप गेल्यावर अव्वा म्हणाल्या, “अहो, पापण्या केवढ्या लांब हायत तिच्या. तुमी बघितलं न्हवं?”

“मी कुटं बघतो? बघितलो असतो तर बोललो असतो की.”

हॉटेल येईपर्यंत अव्वा त्यांना हत्ती सांगत होत्या.

तेव्हापासून मी नियम सगळ्यांना सांगते, पण घरात कोणाचा शब्द चालतो, ते विमानतळावरच विचारून घेते.